भुईआवळीला आमंत्रण

हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर, कॉफीच्या मशीनशेजारी उभं राहून आम्ही तिघांनी ठरवलं की आईला खरं सांगायचं नाही. मी, माझी बायको आणि घाटकोपरहून धावत आलेली ताई. डॉक्टरांनी नुकतंच समजावून सांगितलं होतं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आहे, पित्ताची नळी दाबली गेलीय, गाठ यकृतातही पोचलीय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. नळीत एक बारीक जाळीची पुंगळी बसवता येईल. त्याने कावीळ उतरेल, खाज कमी होईल, काही महिने बरे जातील. काही म्हणजे किती, असं मी विचारलं. डॉक्टरांनी खांदे वर केले, आणि मला ते पुरलं.

ताई म्हणाली, "तिला कॅन्सर म्हटलंस तर ती आत्ताच्या आत्ता जाईल."

बायको म्हणाली, "मग काय सांगायचं?"

आणि मी, विम्याच्या कंपनीत वीस-बावीस वर्षं लोकांचे क्लेम तपासणारा, कोण काय लपवतोय ते कागदाच्या वासावरून ओळखतो असं ऑफिसात सांगत फिरणारा माणूस, मी म्हणालो, "सोपं आहे. साधी कावीळ म्हणून सांगू. नळीत खडा अडकलाय म्हणू."

दोघींनी माना डोलावल्या. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की अख्ख्या मुलुंडमध्ये ज्या एका बाईला ही थाप मारता येणार नाही, ती आत बेडवर बसून मनगट खाजवत आमची वाट बघते आहे.

आई काविळीचं औषध द्यायची. मी शाळेत असल्यापासून आमच्या दारात रविवारी सकाळी चपलांचा ढीग असायचा. गिरणी बंद पडल्यावर वडील मुलुंडच्या एका कारखान्यात लागले, आम्ही चाळीतून या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आलो, पण चपला मागोमाग आल्याच. मालवणजवळच्या आमच्या गावी तिच्या सासऱ्यांकडे हे औषध होतं. त्यांनी जाताना ते मुलाला न देता सुनेला दिलं. का, तर वडिलांना पहाटे उठायचा कंटाळा. ही आळशीपणाची परंपरा मी पुढे निष्ठेने चालवली.

औषध म्हणजे पाला. आई त्याला 'पालो' एवढंच म्हणायची. नाव सांगितलं की गुण जातो, असा नियम. आता त्या नावात लपवण्यासारखं काय होतं देव जाणे. ती भुईआवळी आहे हे बाजारातल्या भाजीवालीलाही ठाऊक होतं. माझ्या मुलीने एकदा रोपासमोर फोन धरला, तर फोननेही सांगून टाकलं, वर त्याचं शास्त्रीय नाव ऐकवलं. वीतभर उंचीचं झाड, चिंचेसारखी बारीक पानं, आणि पानांच्या देठाखाली ओळीने मोहरीएवढे आवळे. पावसाळ्यात कुठेही उगवतं. आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, जिथे पेव्हर ब्लॉक बसवताना कंत्राटदाराने अंग चोरलं होतं, तेवढ्या पट्ट्यात ते माजायचं.

येणाऱ्याला आई आधी गॅलरीत न्यायची. उजेडाकडे तोंड करून उभं करायची, अंगठ्याने खालची पापणी ओढायची. नखं बघायची. मग लाजलज्जा न ठेवता विचारायची, लघवीचा रंग कसा, परसाकडचा रंग कसा, अंगाला खाज सुटते का. भले भले साहेबलोक तिच्यापुढे शाळेतल्या पोरासारखे उभे राहून आपल्या संडासाची हकिकत सांगत. मग ती ताकात वाटलेला पाला वाटीत द्यायची. तो उभ्यानेच प्यायचा, मागे न बघता सरळ घरी जायचं. तेल बंद, हळद बंद, मासे बंद. मालवणची बाई माणसाला मासे बंद सांगते म्हणजे आजार खरा, अशी लोकांची खात्री व्हायची. पैसे ती घ्यायची नाही. चहाही द्यायची नाही.

चहा मिळायचा तो ज्यांना पाला मिळत नसे त्यांना. कधीकधी पापणी ओढून, प्रश्न विचारून झाल्यावर आई त्या माणसाला गॅलरीतून आत आणायची, खुर्चीवर बसवायची आणि म्हणायची, "बसा. चाय घेवा." सोबत दोन ग्लुकोजची बिस्किटं. चहा पिऊन होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायची, गाव कुठलं, मुलं काय करतात. आणि मग सांगायची, "ह्या माझ्या पाल्याचा काम न्हय. मोठ्या हॉस्पिटलात जावा. उद्याच जावा." लहानपणी मला वाटायचं, आपली आई आवडत्या पाहुण्यांनाच चहा देते.

सगळं तिला आधीपासून कळत होतं असं नाही. चाळीत असताना एक गरोदर बाई आली होती, आईने तिला पाला दिला. दुसऱ्या रविवारीही दिला. तिसऱ्या रविवारी तिचा नवरा एकटाच आला, औषधासाठी नव्हे, सांगायला. तो ओरडला नाही. दारात उभा राहून सांगितलं आणि गेला. त्यानंतर तो सगळा पावसाळा आईने पाटा धुऊन भिंतीला टेकवून ठेवला होता. पुन्हा सुरू केलं ते वडिलांनी फार म्हटल्यावर, आणि तेव्हापासून पोटुशी बाई दिसली की ती आधी डॉक्टरचा कागद मागायची. आमच्या तळमजल्यावरचे डॉक्टर मला एकदा म्हणाले होते, "साधी कावीळ विश्रांतीने आपोआप बरी होते हो. तुमच्या आईकडे येणारे शंभरातले बहुतेक पाला नसता दिला तरी बरे झाले असते." मी ते फुशारकीने घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "माका ठावक आसा. पण गप पडान रवा म्हणान सांगितल्यार कोण रवता? पालो पोटात गेलो की रवतत."

तर ही बाई. तिच्यापुढे आम्ही तिघं ओळीने उभे राहिलो. मी घसा साफ केला.

"आई, कावीळ आहे."

"ता माका दिसता," आई म्हणाली. हात हळदीत बुडवल्यासारखे झाले होते.

"नळीत खडा अडकलाय. सोमवारी दुर्बिणीतून नळी साफ करतील. मग उतरेल."

"खडो."

"हो. बारीक आहे."

"साधीच मां?"

"एकदम साधी," ताई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बाहेरच्या होर्डिंगवर काय लिहिलंय ते वाचू लागली. होर्डिंग रिकामं होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग म्हणाली, "बरा. घराक चला."

सोमवारपर्यंत घरी राहायची परवानगी होती. रिक्षात ती पदराखालून पोट खाजवत होती. वर आलो. ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसली, तीच ती पेशंटची खुर्ची, आणि बायकोला म्हणाली, "चाय कर गो. बिस्किटा आसत काय?"

मी म्हटलं, "चला, निदान तिला चहाची इच्छा झाली." मला हायसं वाटलं. बायको ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी तिला विचारलं, "काय? साखर संपली का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काही गोष्टी मला फोड करून सांगाव्या लागतात. तिने त्या दिवशी सांगितली नाही.

थापेचा एक तोटा असा, की ती घरातल्या बाकीच्यांनाही निभावावी लागते. शेजारपाजारचे येऊ लागले. साधी कावीळ म्हटल्यावर जो तो म्हणे, "मग मावशी, तुमचा पाला घ्या की!" आता काय सांगणार? पाला न घ्यावा तर थाप उघडी पडते. शेवटी ताईच म्हणाली, "आई, खरंच, पाला का घेत नाहीस तू?"

"माझ्या हातचो माका चलना नाय," आई म्हणाली. तसा नियमच आहे. देणाऱ्याला स्वतःच्या हातचं औषध लागू पडत नाही.

"मग मी देते."

"तू?" आई खाजवता खाजवता थांबली. "त्याका तोंड बंद ठेवचा लागता." ताईकडे नेमकं हेच भांडवल नव्हतं. आईने बोट माझ्याकडे केलं. "हो देतलो."

मी हॉस्पिटलात फोन करून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एक-दोन चमचे पोटात गेल्याने आता काही बिघडणार नाही. फक्त त्यांना फार अपेक्षा लावून ठेवू नका."

अपेक्षा आम्हाला होती हो. तिला कुठे होती!

पाला उपटायच्या आदल्या संध्याकाळी त्याला आमंत्रण द्यावं लागतं. हे मला माहीत होतं, पण बघितलेलं नव्हतं, कारण आई ते दिवेलागणीला एकटीच करून यायची. न विचारता उपटला तर तो नुसता पाला. बोलावून आणला तर औषध. शनिवारी संध्याकाळी तिने मला ताटलीत हळद, कुंकू, तांदूळ आणि पाण्याचा तांब्या दिला. देताना कुंकू ताटलीच्या बाहेर सांडलं.

"काय बोलायचं?"

"काय बोलतलंस? पावण्याक काय बोलतत? 'उद्या सकाळी येतंय तुका न्हेवक. गुण घेवन ये. उगाच येव नको.' बस्स. आणि सावली पाडू नको तेच्यावर."

मी बर्म्युडा बदलून पँट घातली, कारण पाहुण्याला बोलवायला बर्म्युडात जाणं बरं दिसेना. पंपाच्या खोलीमागे गेलो. गणपतीच्या आधी सेक्रेटरीने गवत काढून घेतलं होतं. भिंतीचा पट्टा साफ, उघडी माती. वाकून, मग गुडघ्यावर बसून शोधलं. ड्रेनेजच्या पाइपाला चिकटून, बिल्डिंगच्या सांडपाण्यावर पोसलेली पाच-सात रोपं वाचली होती.

मी हळदकुंकू वाहत होतो तेवढ्यात वॉचमन बॅटरी घेऊन आला. "साहब, क्या गिर गया?"

"कुछ नहीं."

"चाबी?"

"अरे नहीं बाबा, इसको बुलाने आया हूं."

त्याने बॅटरी आधी रोपावर, मग माझ्या चेहऱ्यावर मारली. मग हळू आवाजात विचारलं, "माताजी के लिए?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मेरे बच्चे को भी दिया था," आणि बॅटरी विझवून, अंधुक उजेडात माझी सावली कुठे पडतेय ते बघत माझ्या मागे उभा राहिला. "थोडा इधर, साहब." वर मान केली तर दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या जाळीला धरून आई उभी. तिथूनही तिला माझं काहीतरी चुकलेलं दिसलं असावं, कारण तिने कपाळावर हात मारला.

मी रोपाला म्हटलं, "उद्या सकाळी येतो. गुण घेऊन ये." पुढचं वाक्य मला म्हणवेना. 'उगाच येऊ नको' असं म्हणायचं होतं. मला माहीत होतं ते उगाचच येणार आहे.

रविवारी पहाटे अंघोळ करून, काही न खाता, न बोलता जायचं. ओलेत्याने जायचं असतं, पण सोसायटीच्या आवारात मी ओल्या पंचाने फिरलो असतो तर पुढच्या मीटिंगचा विषय मीच झालो असतो, म्हणून आईने टी-शर्टाची सूट दिली. खाली सेक्रेटरी चालायला निघाले होते. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली होती आणि ती आमच्या बाथरूममधून येते असं त्यांचं ठाम मत होतं.

"बरे सापडलात," ते म्हणाले. "लीकेजचं काय करताय?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"गप्प बसून कसं चालेल? प्लंबर पाठवतो म्हणाला होतात."

मी हात जोडले. आभाळाकडे बोट दाखवलं. मग पंपाच्या खोलीकडे. मग पोटाकडे. ते एक पाऊल मागे सरले. "बरं वाटत नाहीये का? तोंड उघडता येतंय ना? हात वर करून दाखवा बघू." मी दोन्ही हात वर केले, हळूहळू मागे चालत पंपाच्या खोलीमागे नाहीसा झालो. लीकेजच्या वादात इतक्या वर्षांत मी जिंकलेला हा एकमेव सामना.

रोप मुळासकट आलं. पांढरं, बारीक मूळ, सांडपाण्याचा वास. मी ते मुठीत धरलं आणि मागे न बघता जिना चढलो.

दार उघडंच होतं, आणि दारात चपला होत्या. एकच जोड, लाल पट्ट्यांच्या, उंच टाचेच्या. आमच्या घरात असल्या चपला कोणाच्या नाहीत. आत खुर्चीशेजारी, भिंतीला टेकून, एक विशी-बाविशीची मुलगी उभी होती. मागच्या गल्लीतल्या ब्यूटी पार्लरात कामाला असते ती. डोळे पिवळेजर्द, ओठ सुकलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्ताचा रिपोर्ट.

ताई कमरेवर हात ठेवून उभी. "हिला सांग बाबा तू. मी सांगून दमले, की आई आजारी आहे, औषध बंद आहे."

"मीच बोलावलंय तिका," आई म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, धुतलेलं पातळ नेसून, केस विंचरून. "चार दिवस झाले फोन करता. रिपोर्ट बघितलंय. डोळे बघितलंय. साधी आसा."

मला बोलायचं नव्हतं, पाला अजून मुठीत होता. पाटा तिने काढायला लावला होता. मी बसलो आणि वाटायला घेतलं. कोणी वरवंटा धरायला शिकवलेलं नव्हतं, पाला सगळा बाजूने पळत होता. आई मध्येमध्ये "मागे वड, मागे" म्हणत होती. ती मुलगी घाबरून बघत होती, एवढा मोठा माणूस घामाघूम होऊन बोटभर पाला वाटतोय. ताक घातलं, फडक्यातून गाळलं. दोन वाट्या झाल्या. आता बोलायला हरकत नव्हती.

मी एक वाटी उचलून आईकडे धरली.

"आधी तिका दी," आई म्हणाली.

"अगं, तू आधी. तुझ्यासाठी तर—"

"आधी तिका."

ताई मध्ये पडली. "आई, काय चाललंय तुझं? स्वतःचं बघ ना जरा! ती काय पळून जातेय?"

आईने ताईकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत, शांतपणे, एखाद्या पेशंटला पथ्य सांगावं तशी म्हणाली, "पयलो पेशंट बरो झालो नाय तर देणाऱ्याचो हात फुकट जाता. आयुष्यभर तेच्या हाताक यश नाय. माका गुण येवचो नाय. तिका येतलो. आधी तिका दी, माका मगे."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

ताई आधी आत गेली. मग नळ सोडल्याचा आवाज आला, मोठा, बराच वेळ. त्या मुलीला काही कळलं नव्हतं. ती आपली माझ्या हातातल्या वाटीकडे बघत होती. मी तिला वाटी दिली. ती उभ्यानेच प्यायली, तोंड वाकडं केलं.

"तेल नको, हळद नको, मासे नको," आई म्हणाली. "गप पडान रव. कामावर जाव नको. रिपोर्ट परत काढ आणि डॉक्टरास दाखव. मागे बघू नको, जा गो चेडवा."

ती गेली. लाल चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

दुसरी वाटी आईने माझ्या हातून घेतली, एका दमात प्यायली आणि वाटीच्या तळाशी बोट फिरवलं. "पाट्यावरच ऱ्हवलो सगळो. भुसो वाटलंस, मेल्या."

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"आरसो नाय काय घरात?" ती म्हणाली. "खाज, आणि चुन्यासारखा परसाकडे. आणि दुखणा काय नाय. इतकी वर्सा काय मी लोकांची तोंडा बघत होतंय?" मग म्हणाली, "तुमी तिघाय रडान इललास. माका आणि कशाक रडवा? म्हणान गप रवलंय."

बायको आतून आली, तिच्या हातात चहाचा कप होता. आईने तो घेतला.

तेव्हा कुठे मला त्या दिवशीच्या चहाचा अर्थ लागला. बायकोला त्याच संध्याकाळी लागला होता. क्लेम तपासणाऱ्या माणसाला एक आठवडा लागला, तोही समोर बसवून सांगितल्यावर.

सोमवारी पुंगळी बसवली. डॉक्टर म्हणाले तसं झालं. रंग उतरला, खाज थांबली. ती स्वतःच्या हाताकडे बघायची, उलटसुलट करून, जणू कोणाचं उसनं आणलेलं परत केलंय. पथ्य तिने त्याच दिवशी मोडलं. "आता कोणासाठी पाळू?" म्हणून बांगड्याची आमटी करायला लावली, दोन घास खाल्ले आणि उरलेली आम्हाला खाताना बघत बसली.

ती मुलगी गणपती उठल्यावर आली. गाल भरले होते, भुवया कोरलेल्या, हातात पेढे. आई तोवर आडवी झाली होती. तिने त्या मुलीला वाकायला लावलं, अंगठ्याने पापणी ओढली, खिडकीच्या उजेडाकडे चेहरा फिरवला. अंगठा आता नुसतं हाड होतं. बघून झाल्यावर मला म्हणाली, "गुण इलो." ती मुलगी हसली. तिला वाटलं तिचं कौतुक चाललंय.

मग ते महिने आले ज्यांच्याविषयी डॉक्टरांनी खांदे वर केले होते. ते सांगण्यासारखे नाहीत, आणि ज्यांनी घरात असं माणूस बघितलंय त्यांना सांगावं लागतही नाही. पुंगळी तुंबली. रंग परत आला, या वेळी हिरवट. रात्रंदिवस खाज. हाताची नखं कापली तर ती कंगवा मागायची, कंगवा काढून घेतला तर भिंतीला पाठ घासायची. उशीचा अभ्रा, चादर, पातळ, सगळ्यावर पिवळे डाग पडत, ते धुऊन जात नसत. ताई येऊन बसायची आणि खरंच, एक शब्द बोलायची नाही. शेवटी आईने जेवण सोडलं, मग पाणी. तिच्या तोंडात मी चमच्याने ताक घातलं तर ते ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तेव्हाही मी मूर्खासारखा तिला विचारलं, "आई, पाला आणू का गं?" तिने डोळे मिटले. हसली की नाही ते सांगता येत नाही.

दिवाळी आम्ही केली नाही.

पाटा मी धुतला आणि गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवला. आता बंद, असं सगळ्यांना सांगून टाकलं. पण या शहरात बातमी चांगली असो वा वाईट, अर्धीच पोचते. पावसाळा आला तसे लोक येऊ लागले. "त्या मावशी नाहीत, पण त्यांच्या मुलाच्या हाताला यश आहे म्हणे." पार्लरातल्या मुलीने सगळ्या गल्लीत सांगितलं होतं. मी आधी रक्ताचा रिपोर्ट मागतो, मग डॉक्टरांचा कागद मागतो, क्लेमसारखंच सगळं तपासतो, आणि त्यातले अर्धे कंटाळून निघून जातात. उरतात त्यांना पाला देतो. भुसाच वाटतो अजून.

मागच्या रविवारी एक माणूस बायकोला घेऊन आला. भांडुपहून. माझ्याच वयाचा, हातात फाइल, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून. त्याची बायकोच बोलत होती, "साधी कावीळ आहे, पण उतरतच नाहीये. खूप लोकांनी तुमचं नाव सांगितलं."

मी त्याला गॅलरीत नेलं. उजेडाकडे उभं केलं. अंगठ्याने खालची पापणी ओढली. रंग बघितला. मग विचारलं, "खाज सुटते का?"

त्याने बायकोकडे एकदा बघितलं आणि बाहीचं बटण सोडलं. कोपरापर्यंत ओरखडे होते, काही सुकलेले, काही ताजे.

"पोटात दुखतं?"

"नाही," तो म्हणाला. "दुखत काहीच नाही हो. तेच तर बरं आहे."

मी त्याला आत आणलं. माझी बायको दारात उभी राहून बघत होती. मी तिला काही म्हणायच्या आधीच ती स्वयंपाकघराकडे वळली आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"बसा," मी त्याला म्हटलं, आणि आईची खुर्ची पुढे ओढली. "चहा घ्या. गाव कुठलं तुमचं?"